विमलताई प्रार्थनेला बसतात तेव्हा

बाभुळगावात एखादी बातमी पसरवायची असेल तर दवंडी पिटायची गरज नाही. विमलताईंच्या कानावर घालावी आणि आमच्या चर्चच्या मंडळीची दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी घरसभा भरते, तिची वाट पाहावी. विमलताई कुणाची चुगली करत नाहीत, चुगली पाप आहे. त्या फक्त प्रार्थना करतात. पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, एक हात वर करून, सगळ्यांसमक्ष आणि नावानिशी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या यजमानांना, बबनरावांना, मूळव्याधीचा त्रास झाला. घरातल्या माणसांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. औषधाच्या दुकानात मला विमलताई भेटल्या आणि मी हातातली ट्यूब पिशवीत टाकायला विसरले, एवढाच काय तो माझा गुन्हा. त्या शुक्रवारी विमलताईंनी स्वर्गीय बापाला सांगितलं, "प्रभू, आमच्या बबनरावाले बसता येऊन नाही राह्यलं. त्याच्या दुखऱ्या जागेवर तुहा हात ठेव." सगळ्या मंडळीनं डोळे मिटून 'आमेन' म्हटलं. बबनराव तेव्हा उशी घेऊन बसले होते. पुढे महिनाभर त्यांना रस्त्यात जो भेटे तो 'जय ख्रिस्त' म्हणायच्या आधी 'आता बरं हाय का?' विचारी.

आणि उत्तर देता येत नाही हो, तिथं खरी चीड येते. बाई तुमच्याशी बोलतच नसते ना, देवाशी बोलत असते. मध्येच डोळे उघडून 'अहो बाई, पुरे' म्हणालात तर तुम्हीच अधर्मी ठरता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तो खात आले आहे. पण तो माझ्या लेकीच्या वाट्याला आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

अपेक्षा आमची एकुलती एक. यवतमाळला एका लॅबमध्ये कामाला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. रविवारी चर्चमध्ये लहान पोरांना शिकवायची. तिचं लग्न उमरखेडच्या रजतशी ठरलं. मुलगा बँकेत, घर देवभीरू, आम्हाला आणखी काय हवं होतं? मी शिवणकाम करते, म्हणून तिच्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज स्वतः शिवला, बाह्यांना मोती लावले. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळकसाहेब उभे राहून दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. हरकत कुणी घेत नाही. सगळे मागे वळून नवरीकडे पाहतात आणि नवरी ओढणीच्या टोकाशी खेळत बसते. अपेक्षाच्या दोन पुकारी झाल्या.

तिसरीच्या आदल्या संध्याकाळी रजतचा फोन आला. त्याच्या मनात दुसरीच मुलगी होती म्हणे, घरच्यांना सांगायची हिंमत आजवर झाली नव्हती. दोन पुकारी होईपर्यंत झोपली होती का ही हिंमत? मी त्याला फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अपेक्षा मात्र सकाळी उठून तयार झाली. म्हणाली, "म्या काही चूक केली नाही. मी कायले लपू?" मला तिचा अभिमान वाटला. आम्ही तिघं जाऊन नेहमीच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी सफाईची सूचना वाचली, नाताळच्या तयारीची सूचना वाचली, आणि पुकार न करता सरळ गीताचा नंबर सांगितला. सगळ्यांच्या माना सवयीनं अर्ध्या मागे वळल्या आणि तशाच परत गेल्या. बस, एवढंच झालं. पण माझ्या शेजारी बसलेली पोर त्या एवढ्याशा वेळात आक्रसून गेली, ते मी पाहिलं.

उपासनेनंतर सगळे फार समजूतदारपणे वागले. कुणी एक अक्षर विचारलं नाही. आम्ही निघालो तशी दारापर्यंत वाट मोकळी झाली. मी मनात म्हटलं, चला, अब्रूनं घरी पोचू. आणि तेवढ्यात विमलताई आडव्या आल्या. अपेक्षाचा चेहरा दोन्ही हातांत धरून सगळ्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो माय, काहून मोडलं व पोट्टे?"

अपेक्षा तिथंच ओक्साबोक्शी रडली. मी तिला ओढत घरी आणलं. त्या दिवसापासून ती चर्चमध्ये गेली नाही, यवतमाळला गेली नाही, फाटकाबाहेरसुद्धा गेली नाही. लॅबवाल्यांचे फोन आले, मग यायचे थांबले. रविवारच्या वर्गातली पोरं 'टीचर, टीचर' करत फाटकाशी आली, तर तिनं मला सांगून त्यांना घालवून दिलं. नाताळला आमच्या घरात करंजी झाली नाही. मागच्या खोलीचं दार आतून लावायचं, जेवणापुरतं उघडायचं, पुन्हा लावायचं, असं चाललं होतं. जिवंत लेक घरात असून घर सुनं होतं. रात्री मी त्या दाराला कान लावून नुसता श्वास ऐकत उभी राहायचे, इतकी मी घाबरले होते.

एकदा मी तिला म्हटलं, "रागावली असशील तर देवावर रागव, पण देवाले सोडू नको."

ती म्हणाली, "देवाशी माहं काही भांडण नाही, आई. त्याची माणसं मले सहन होत नाहीत."

यावर आईनं काहीतरी शहाणपणाचं सांगायला हवं. मला तर तिचं शंभर टक्के पटलं होतं.

आता ह्या सगळ्यात पाळकसाहेबांनी भर घातली. आमचे पाळकसाहेब तरुण, नगरकडचे, मनानं सरळ. एका रविवारी त्यांनी उपदेशात सांगितलं की विश्वास म्हणजे नुसतं रविवारचं काम नाही, रोज एकमेकांना उत्तेजन द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला घरी गेले. विमलताईंनी तेवढं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अपेक्षाच्या फोनवर त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज. आधी खोकला, मग 'जय ख्रिस्त, बेटा', मग एक वचन, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि शेवटी 'हे बंद कसं करतात वो' असं कुणाला तरी विचारणं. रोज! अपेक्षानं त्यांचा नंबर ब्लॉक केला, तर त्या माझ्या फोनवर पाठवू लागल्या. मी ऐकत नाही हे कळल्यावर स्वतःच यायला लागल्या. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. आमच्या ओसरीवर, नेमक्या अपेक्षाच्या खिडकीखाली बसायचं, शेंगा सोलायच्या आणि बंद खिडकीशी गप्पा मारायच्या. सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, यंदा किती गोड आहेत, एसटीच्या कंडक्टरनं म्हातारीला कसं उभं ठेवलं, आजच्या वचनात काय आहे, सगळं त्या खिडकीला सांगायचं. अपेक्षानं शेवटी भर जानेवारीत कूलर लावला, का तर आवाज ऐकू येऊ नये. विमलताईंनी आवाज चढवला.

मी एकदा तोंडावर म्हटलं, "ताई, पोरीले एकटं राहू द्या न थोडं."

"एकटीच तर हाय," त्या म्हणाल्या, आणि सोललेले दाणे माझ्या पदरात ओतून चालत्या झाल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

जानेवारीच्या शेवटी घरसभेची पाळी आमच्या घरी आली. मी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, आमची पाळी पुढे ढकला. ते म्हणाले, "संगीताताई, दोनदा ढकलली आहे. लोक काय म्हणतील ते सोडा, पण तुमच्या घरी आम्ही कधी यायचं? सगळं ठीक झाल्यावर?" मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. बबनरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "येऊ दे लोकं. चहा पाजू अन् पाठवून देऊ." या माणसाला जगबुडीचं सांगितलं तरी आधी चहाच आठवेल.

अपेक्षा म्हणाली, "या म्हणा त्याईले. पण माहं नाव कोणी घेतलं त मी मामाकडे निघून जाईन, अन् परत येणार नाही. मागच्या दारानं जाईन." तिनं बॅग भरून कपाटाशी ठेवली. ती नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हती. मामा हैदराबादला. तिथं आमची भाषा नाही, मंडळी नाही, आणि ही पोर अशी दार लावून बसणारी. तिथं गेली की ती आमच्या हातून कायमची गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी पदर खोचला आणि विमलताईंच्या घरी गेले.

विमलताई एकट्या राहतात, नळाच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "ताई, शुक्रवारी माह्या घरी सभा हाय. तुम्ही प्रार्थनेत अपेक्षाचं नाव घ्यायचं नाही."

"कायले?"

"मी सांगतो म्हणून."

"बरं."

"बरं नाही. शब्द द्या. शपथ घ्या."

"शपथ आपण घेत नसतो, संगीता," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपलं होय म्हणजे होय. नाव घेणार नाही. झालं?"

इतक्या सहज कबूल झाल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमाराला माणसं जमली. शेजारच्या हजराबीकडून मी चार खुर्च्या आणल्या, बाकीचे सतरंजीवर. मी आलुबोंडे तळून ठेवले होते. घरसभेला नुसता चहा-बिस्किट करायचं असा मंडळीचा नियम आहे आणि तो आजवर एकाही बाईनं पाळलेला नाही. मागच्या खोलीचं दार बंद, वर पडदा. येणारा प्रत्येक जण त्या पडद्याकडे बघे आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे. गाणी झाली, वचन झालं, पाळकसाहेब थोडक्यात बोलले. मग ते म्हणाले, "आता आपण प्रार्थना करू. जसजशी प्रेरणा होईल तसतसे."

या प्रेरणेचीच मला धास्ती.

दोघातिघांनी लहान लहान प्रार्थना केल्या. पाऊस-पाणी, परीक्षेची पोरं, पाळकसाहेबांचं कुटुंब. मग सतरंजीवरून तो ओळखीचा खोकला आला.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," विमलताईंनी सुरुवात केली, "आम्ही तुझे उपकार मानतो की तू आम्हांस या सायंकाळी एकत्र जमविलेस." सुरुवात नेहमी अशी पुस्तकी असते. जरा वेळानं गाडी वऱ्हाडीवर येते. देवाला वऱ्हाडी नीट समजते, असं त्यांचं मत. "अन् प्रभू, या घराच्या मागल्या खोलीत एक लेकरू हाय. तिचं नाव म्या घेणार नाही. तिच्या मायनं मले मना केलं हाय, अन् म्या होय म्हटलं हाय. पण तुले नाव माहीतच हाय, बापा. उमरखेडच्या त्या पोट्ट्याचं नाव बी म्या घेत नाही. त्याचं नाव र वरून हाय."

मी दात-ओठ खाल्ले. आणि मग जे कुणी कधी केलं नसेल ते केलं. मध्येच, जोरात म्हणाले, "आमेन!"

आमच्या लोकांना सवय अशी की आमेन ऐकलं की आमेन म्हणायचं. सगळी खोली 'आमेन' म्हणाली. कुणी तरी डोळे उघडून चपला शोधू लागलं.

"आमेन त हायच, प्रभू," विमलताई म्हणाल्या, हात तसाच वर, "पण माहं अजून व्हायचं हाय."

"हे प्रभू!" मी म्हटलं. आता मला ऐकवायचंच होतं, आणि ऐकवायला तोच एक रस्ता होता. "काही लोकाईले जिभेवर ताबा दे. होय म्हणतात अन् मंग त्याले फाटे फोडतात. त्याईले समज दे."

"समज दे, प्रभू," विमलताईंनी लगेच उचललं. "अन् काही माया लेकराले लोणच्यावानी बरणीत झाकून ठेवतात. वारा लागला त बुरशी येईन म्हणतात. त्या बरणीचं झाकण तू काढ."

"बरणी कोणाची हाय थे लोकांनी पाहून घ्यावं, प्रभू. दुसऱ्याच्या बरणीत चमचा घालू नये."

"चमचा नाही घातला, प्रभू. नुसता वास घेतला. आत खराब होऊन राह्यलं."

"प्रभू, ज्याईले स्वतःचं लेकरू नाही त्याईले..."

एवढं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं एक गीत सुरू केलं. एकही माणूस मागे म्हणेना. एक ओळ एकट्यानं गाऊन तेही थांबले.

नेमकी त्याच वेळी दारात हजराबी. दोन बायकांचे चढलेले आवाज भिंतीपलीकडे गेले होते. ती धापा टाकत म्हणाली, "काय झालं वो? कोनाचं भांडन होऊन राह्यलं?"

बबनरावांनी डोळे न उघडता सांगितलं, "भांडण नाही, भाभी. प्रार्थना होऊन राह्यली."

"अय अल्ला!" हजराबी म्हणाली. "मंग चालू द्या. मले वाटलं पोलीस बलवा लागते."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. मग सगळी सतरंजी हलू लागली. खुद्द पाळकसाहेब रुमालात तोंड लपवून हसत होते. आणि त्या सगळ्या हसण्यात मला एक हसू वेगळं ऐकू आलं. थांबत थांबत येणारं, नाकातून फुटणारं. ते पडद्यामागून येत होतं. पुकार चुकलेल्या त्या रविवारनंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

हसल्या नाहीत त्या एकट्या विमलताई. त्यांचा हात अजून वरच होता. सगळे गप्प होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग बोलल्या. आवाज इतका खाली आला होता की कूलर चालू असता तर ऐकू आला नसता.

"प्रभू, म्या नाव घेतो थे लोकाईले खटकते. मले समजते. बबनरावाले लाज वाटली, थे बी समजते. पण तुले माहीत हाय म्या कायले घेतो. माहा नवरा गेला तवा म्या पोट्टीच होती. मेला नाही. दुसरी बाई घेऊन सुरतले गेला. रविवारी म्या चर्चमध्ये आली, त कोणी काही बोललं नाही. लई चांगले लोक होते. मले वाईट वाटू नये म्हणून माह्या बाकावर कोणी बसे ना. बिमाराचं नाव घेत, परीक्षेच्या पोट्ट्याचं नाव घेत, कोणाची म्हैस हरवली तरी प्रार्थना करत. माहं नाव कोणी नाही घेतलं. वर्षं गेली. मले वाटे, तुह्यापाशी माहं नाव पोचलंच नसंन. म्हणून म्या सगळ्याईचं घेतो, प्रभू. कोणाचं राहून जाऊ नये."

मी अठ्ठावीस वर्षं विमलताईंना विधवा समजत होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी काहीच सांगितलं नव्हतं. जुनी माणसं त्यांच्या यजमानांचा विषय निघाला की हळूच दुसरं काही बोलायची, आणि मला तो चांगुलपणा वाटायचा. त्या रविवारी दारापर्यंत आमच्यासाठी मोकळी झालेली वाट मला आठवली. ती वाट मोकळी करणाऱ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले होते, आणि जी एकटी बाई आडवी आली तिला शिव्या घातल्या होत्या.

मागच्या खोलीची कडी वाजली.

डोळे मिटायचे असतात, पण मी उघडले. अपेक्षा बाहेर आली. चुरगळलेला ड्रेस, विस्कटलेले केस, नाक लाल. कुणाकडेही न बघता माणसांच्या पायांमधून वाट काढत ती सतरंजीवर विमलताईंच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "माहं नाव घ्या."

विमलताईंनी डोळे उघडले नाहीत. "तुह्या मायनं मना केलं हाय."

बघा! पोर दारातून बाहेर आली, स्वतःच्या तोंडानं म्हणते आहे घ्या, आणि ही बाई आता नियमावर बोट ठेवून बसली. सगळी खोली माझ्यासाठी थांबली. मला त्या क्षणी विमलताईंचा जितका राग आला तितका आजवर कधी आला नव्हता, आणि त्यांचे पाय धरावेत असंही इतकं कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदमच.

"घ्या की मंग!" मी ओरडलेच. "पण आटपतं घ्या. बोंडे थंडे होऊन राह्यले."

त्यांनी आटपतं घेतलं नाही. आयुष्यात घेतलं नाही ते आज कशाला घेतील? त्यांनी अपेक्षाचं नाव घेतलं, आणि मग पुन्हा पुन्हा घेतलं. तिची झोप, तिचं जेवण, तिची नोकरी, तिची सकाळची एसटी, एसटीत खिडकीजवळची जागा, सगळं एकेक करून देवापुढे मांडलं. शेवटी म्हणाल्या, "अन् प्रभू, त्या रजतले बी सुखी ठेव. पण लगेच नको." अपेक्षा हसता हसता रडायला लागली आणि विमलताईंच्या पदराला तिनं नाक पुसलं. बबनराव भिंतीकडे तोंड करून चष्मा साफ करत होते, बराच वेळ.

विमलताईंनी हात खाली घेतला. पाळकसाहेब आशीर्वाद द्यायला उभे राहिले. चहाचं आधण ठेवायला मीही उठले, आणि उठता उठता थबकले. या बाईनं सबंध मंडळीची नावं घेतली. माझं घेतलं, माझ्या यजमानांच्या मूळव्याधीचं घेतलं. पण अठ्ठावीस वर्षांत, एवढ्या शुक्रवारांत, तिच्यासाठी कुणी प्रार्थना केलेली मी ऐकली नव्हती. ती तरुणपणाचं जे सांगत होती ते अजून संपलंच नव्हतं.

"थांबा, पाळकसाहेब," मी म्हटलं. "माहं एक राह्यलं हाय."

त्यांनी हात खाली घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि ती साहजिक होती. मी पदर डोक्यावर घेतला. मला प्रार्थना गोड करता येत नाही. जशी आली तशी केली.

"हे प्रभू, विमलताई..." नाव तोंडातल्या तोंडात निघालं. मी खाकरले. "थ्या लई बोलतात. फोनवर बोलतात, खिडकीशी बोलतात, कोणाचं ऐकत नाहीत. मले त्याईचा लई राग येते, अन् उद्या बी येईन. पण थ्या येतात, प्रभू. दार बंद असलं तरी येतात. आमच्यातलं कोणी त्याईच्या दारी गेलं नाही. मी बी गेली त भांडाले गेली. आता बोलू नये थे बोलली, त्याची मले माफी कर. अन् त्याईले..."

तेवढ्यात कुणीतरी माझ्या साडीच्या निऱ्या धरून ओढल्या. खाली पाहिलं तर विमलताई. डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं.

"संगीता," त्या म्हणाल्या, "जराशी मोठ्यानं. नाव ऐकू नाही आलं."

मी नाव पुन्हा घेतलं, आणि मोठ्यानं घेतलं.